फेसबुक सोडताना: 'डिलीट' दाबण्याआधीची आणि नंतरची कामं

मार्च २०१८मध्ये केंब्रिज ॲनालिटिकाचं प्रकरण बाहेर आलं, म्हणजे एका व्यक्तिमत्त्व चाचणीच्या ॲपमधून फेसबुकवरच्या लोकांची माहिती या राजकीय सल्लागार कंपनीकडे गेल्याचं कळलं, तेव्हा जगभरातल्या ८ कोटी ७० लाख लोकांचा आकडा सगळ्यांनी वाचला. माझ्या डोक्यात मात्र फेसबुकने पुढच्या महिन्यात भारताबद्दल दिलेला आकडा रुतून बसला. व्यक्तिमत्त्व चाचणीचं ते ॲप भारतात घेतलं होतं ३३५ जणांनी. आणि ज्यांची माहिती त्यातून गेली असण्याची शक्यता होती ते भारतीय होते ५ लाख ६२ हजार. या बाकीच्यांनी कुठली चाचणी दिली नव्हती, कुठे 'हो' म्हटलं नव्हतं. ॲप घेणाऱ्या कुणाच्या तरी मित्रयादीत, इथल्या किंवा परदेशातल्या, त्यांचं नाव होतं. तेवढं पुरलं.

फेसबुक सोडायचं ठरवणाऱ्या प्रत्येकाने हा आकडा आधी नीट बघावा असं मला वाटतं. आपण समजतो, माझं खातं, माझे फोटो, मी पुसले की संपलं. पण आपल्या खात्यात आपल्याइतकीच दुसऱ्यांची माहिती असते, आणि आपली माहिती दुसऱ्यांच्या खात्यात. म्हणून सोडण्याचं काम तीन भागांत करावं लागतं. आपलं सामान बाहेर काढायचं, दुसऱ्यांचं जे आपण देऊन बसलोय ते मागे घ्यायचं, आणि मग बटण दाबायचं. बहुतेक जण रागाच्या भरात तिसऱ्यापासून सुरुवात करतात आणि पहिल्या दोन गोष्टी कायमच्या हातच्या जातात.

मी स्वतः हे काम चार रविवारांत केलं. त्यानंतर माझ्या मावशीचं खातं आम्ही दोघींनी तिच्या मिरजेच्या घरी बसून बंद केलं. ती निवृत्त शिक्षिका आहे. एका भामट्याने तिचं नाव आणि फोटो वापरून तिच्या जुन्या विद्यार्थ्यांकडे पैसे मागितले. दोघांनी पाठवलेही, 'बाईंना अडचण आहे' म्हणून. पैसे तिचे गेले नाहीत, पण ती आठवडाभर जेवली नाही नीट. पुढे जे लिहिलंय ते या दोन खात्यांच्या अनुभवावरून.

एक सूचना आधीच. फेसबुकच्या मेनूंची नावं आणि जागा बदलत राहतात. मी सांगितलेली गोष्ट तिथे दिसली नाही तर सेटिंग्जमधल्या शोधपट्टीत तिचं नाव टाका, सापडेल. शक्य असेल तर हे सगळं फोनवर न करता संगणकावर करा. उसन्या किंवा सायबर कॅफेच्या संगणकावर मात्र करू नका.

बंद करायचं की मिटवायचं

फेसबुक दोन पर्याय देतं आणि दोन्ही एकाच पानावर शेजारी असतात, त्यामुळे गल्लत होते. 'डीॲक्टिव्हेट' म्हणजे खातं झाकून ठेवणं. तुमचं पान लोकांना दिसत नाही, पण सगळी माहिती जिथल्या तिथे राहते, मेसेंजर चालू ठेवता येतो, आणि पुन्हा लॉगिन केलं की सगळं परत उघडं. 'डिलीट' म्हणजे मिटवणं.

सवय सुटते का हे बघायचं असेल, परीक्षेपुरतं लांब राहायचं असेल, तर डीॲक्टिव्हेट ठीक आहे. माहितीच्या काळजीने सोडत असाल तर त्याचा काहीही उपयोग नाही. झाकलेलं खातं हे भरलेलं खातंच असतं. या लेखात पुढे सगळं डिलीटबद्दल आहे.

आधी सामान बाहेर काढा

संगणकावर फेसबुक उघडा. उजव्या कोपऱ्यातल्या आपल्या फोटोवरून 'सेटिंग्ज अँड प्रायव्हसी', मग 'सेटिंग्ज', मग 'अकाउंट्स सेंटर'. तिथे 'युवर इन्फर्मेशन अँड परमिशन्स' या भागात 'एक्स्पोर्ट युवर इन्फर्मेशन' मिळेल. काही ठिकाणी अजून 'डाउनलोड युवर इन्फर्मेशन' असं जुनं नाव दिसतं. आता चार गोष्टी बघा, कारण फाइल बिनकामाची निघते ती याच चार जागी चुकल्यामुळे.

पहिली, कालावधी. आधीपासून एखादा छोटा कालावधी निवडलेला असू शकतो. तो बदलून 'ऑल टाइम' करा. नाहीतर चौदा वर्षांच्या खात्यातलं एकच वर्ष हातात येईल. दुसरी, फोटोंचा दर्जा: 'हाय' निवडा. तिसरी, फाइलचा प्रकार. एचटीएमएल आणि जेसन असे दोन असतात. एचटीएमएल निवडा, ते साध्या ब्राउझरमध्ये पानासारखं उघडतं. जेसन संगणक प्रोग्रामना वाचण्यासाठी असतं, आपल्याला त्याचा उपयोग नाही. चौथी, कुठे पाठवायचं. थेट गुगल फोटोजकडे फोटो पाठवायचीही सोय आहे, पण एका कंपनीच्या घरातून दुसऱ्या कंपनीच्या घरात सामान हलवायचं असेल तरच ती वापरा. मी आपल्या संगणकावर उतरवून घेते.

विनंती केल्यावर फाइल लगेच मिळत नाही. मोठ्या खात्याला काही तास, कधी एक-दोन दिवस लागतात. तयार झाली की कळवतात, आणि उतरवून घेण्याची लिंक थोडेच दिवस चालू असते. म्हणून शनिवारी मागणी करून रविवार मोकळा ठेवावा.

आता हे लक्षपूर्वक वाचा, कारण इथे भल्याभल्यांची फसगत होते. डिसेंबर २०२३पासून मेसेंजरवरचे दोघांतले संवाद टोकापासून टोकापर्यंत कुलूपबंद व्हायला लागले, म्हणजे ते दोघं सोडून कुणालाही वाचता न येणारे. ते चांगलंच झालं. पण हे कुलूपबंद संवाद वर सांगितलेल्या फाइलमध्ये येत नाहीत. त्यांच्यासाठी संगणकावर मेसेंजर उघडून 'प्रायव्हसी अँड सेफ्टी', मग 'एंड टू एंड एन्क्रिप्टेड चॅट्स', मग 'मेसेज स्टोरेज' इथे जा आणि 'डाउनलोड सिक्युअर स्टोरेज डेटा' असं वेगळं मागा. मावशीचे एका विद्यार्थिनीबरोबरचे दोन वर्षांचे संवाद असे केवळ इथे सापडले. मुख्य फाइल बघून आम्ही उठलो असतो तर ते गेलेच असते.

फाइल उतरली की ती उघडून बघा, निव्वळ ठेवून देऊ नका. फोटो उघडतात का, जुन्यात जुनी पोस्ट आहे का, हे तपासा. मग ती पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर हलवा आणि संगणकाच्या डाउनलोड फोल्डरमधून काढून टाका. या एका फाइलमध्ये तुमचे संवाद, तुम्ही कुठून कधी लॉगिन केलंत, काय शोधलंत, कुणाशी मैत्री तोडलीत, सगळं असतं. दागिन्यांचा डबा जिथे ठेवाल तिथे ठेवा.

त्या फाइलमध्ये काय सापडतं

अपलोड केलेल्या संपर्कांची यादी उघडेपर्यंत मी आपली माहिती किती गेली याच विचारात होते. ती उघडली आणि माझ्या फोनमधली नावं मी जशी साठवली होती तशी समोर आली. 'गॅसवाले नवीन.' 'दूध सुट्टी.' 'डॉ. आईचे, संध्या. ६ नंतर.' 'वॉचमन रात्र.' एका काकांचा नंबर, जे जाऊन सहा वर्षं झाली होती. फेसबुकचं नाव ज्यांनी कधी घेतलं नसेल अशा माणसांचे नंबर मी, कधीतरी पहिल्यांदा ॲप टाकताना एका 'अलाऊ'वर बोट ठेवून, देऊन टाकले होते. कुणालाही न विचारता.

हे किती महत्त्वाचं आहे ते एप्रिल २०२१मध्ये दिसलं. १०६ देशांतल्या ५३ कोटींहून जास्त फेसबुक खात्यांची माहिती, फोन नंबरांसकट, इंटरनेटवर उघड्यावर सापडली. ती खरवडून काढली गेली होती ती संपर्क जुळवण्याच्या सोयीतूनच: कुणीही नंबरांची यादी चढवायची आणि कुठला नंबर कुणाचा हे फेसबुककडून जुळवून घ्यायचं. फेसबुकने ही वाट २०१९मध्ये बंद केली होती, पण तोवर माहिती गेली होती. या प्रकरणी आयर्लंडच्या माहिती संरक्षण आयोगाने नोव्हेंबर २०२२मध्ये मेटाला, म्हणजे फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपच्या मालक कंपनीला, २६ कोटी ५० लाख युरोंचा दंड केला. दंड झाला म्हणून नंबर परत आले नाहीत.

म्हणून पुढचं काम हे: आपण चढवलेले संपर्क काढून टाकणं. आधी फोनमध्ये फेसबुक ॲपची संपर्क वाचायची परवानगी बंद करा, नाहीतर तुम्ही इकडून पुसाल आणि तिकडून पुन्हा भरेल. फोनच्या सेटिंग्जमध्ये 'ॲप्स', 'फेसबुक', 'परमिशन्स', 'कॉन्टॅक्ट्स', तिथे 'डोंट अलाऊ'. मेसेंजर वेगळं ॲप आहे, त्याचीही परवानगी वेगळी बंद करा. मग फेसबुकच्या अकाउंट्स सेंटरमध्ये 'युवर इन्फर्मेशन अँड परमिशन्स'खाली 'अपलोड कॉन्टॅक्ट्स' आहे, ते बंद करा, आणि आधी चढवलेली यादी पुसण्याचा पर्याय वापरून ती पुसा. मेसेंजरची यादीही तशीच.

खातं मिटवणारच आहे, मग हे वेगळं कशाला, असं मावशीने विचारलं होतं. मी तिला सांगितलं, "खातं मिटलं की काय काय पुसलं गेलं हे आपल्याला बघता येत नाही. आत्ता पुसलं तर यादी रिकामी झालेली डोळ्यांनी दिसते." दुसऱ्यांच्या वस्तूंबाबत एवढी खात्री करून घ्यायला हवी.

बाहेरून येणारी माहिती

आपण फेसबुकवर जे लिहितो त्यापेक्षा मला जास्त टोचलं ते आपण बाहेर जे करतो ते तिथे पोहोचतं हे. खरेदीच्या, बातम्यांच्या, कर्जाच्या, औषधांच्या अनेक वेबसाइटवर मेटाचा एक छोटा कोड बसवलेला असतो. त्याला पिक्सेल म्हणतात. तुम्ही कुठलं पान उघडलंत, काय पिशवीत टाकलंत, पैसे भरलेत की अर्ध्यात सोडलंत, हे तो मेटाला कळवतो. ॲपमध्येही तशीच सोय असते. ही यादी बघायची आणि तोडायची सोय फेसबुकने जानेवारी २०२०पासून जगभर दिली, पण ती फारशी कुणी उघडत नाही.

अकाउंट्स सेंटरमध्ये त्याच 'युवर इन्फर्मेशन अँड परमिशन्स'खाली 'युवर ॲक्टिव्हिटी ऑफ मेटा टेक्नॉलॉजीज' उघडा. पासवर्ड पुन्हा विचारेल. समोर वेबसाइट आणि ॲपची यादी येईल, प्रत्येकाच्या नावावर किती वेळा माहिती आली त्याचा आकडा. घाईने पुसू नका, पाच मिनिटं वाचा. ही यादी कागदावर उतरवून घ्या, कारण फेसबुक सोडल्यावरही हीच ॲप्स तुमच्या फोनमध्ये राहणार आहेत. त्यातलं कुठलं ठेवायचं हे ठरवताना ती लागेल. मग 'क्लिअर प्रीव्हियस ॲक्टिव्हिटी' करा आणि 'डिस्कनेक्ट फ्यूचर ॲक्टिव्हिटी' चालू करा. याचा अर्थ नीट समजून घ्या: यामुळे ती माहिती तुमच्या खात्यापासून तुटते. वेबसाइट माहिती पाठवायचं थांबतात असा त्याचा अर्थ नाही. ते थांबवण्याचं काम फोन आणि ब्राउझरमध्ये करावं लागतं, त्यावर पुढे येते.

'लॉगिन विथ फेसबुक'चा गुंता

हे कंटाळवाणं काम आहे आणि टाळलं तर सगळ्यात जास्त त्रास यानेच होतो. कधीकाळी एखाद्या ॲपमध्ये नवीन खातं उघडण्याऐवजी निळं बटण दाबून आत गेला असाल, तर त्या ॲपची किल्ली फेसबुक आहे. फेसबुक मिटवलं की ते ॲप तुम्हाला ओळखणार नाही. त्यात जमा पैसे, ऑर्डरी, गाण्यांच्या याद्या, काहीही असू शकतं.

सेटिंग्जमध्ये 'ॲप्स अँड वेबसाइट्स' उघडा. 'ॲक्टिव्ह'बरोबर 'एक्स्पायर्ड' यादीही बघा. प्रत्येक नावापुढे थांबून विचारा, हे मला हवंय का. नको असेल तर 'रिमूव्ह'. हवं असेल तर आधी त्या ॲपमध्ये जाऊन तुमचा ईमेल जोडा, नवा पासवर्ड ठेवा, बाहेर पडून नव्या पासवर्डने आत जाता येतं का ते बघा, आणि मगच फेसबुकमधून त्याला काढा. हा क्रम उलटा करू नका. माझ्या यादीत अशी एकोणतीस नावं निघाली. हवी होती चार.

आणखी एक धोका इथेच आहे. खातं मिटवायला टाकल्यावर जे ३० दिवस असतात, त्यात अशा एखाद्या ॲपमधून फेसबुकच्या बटणाने आत गेलात तर तेही फेसबुकचं लॉगिन धरलं जाऊ शकतं आणि मिटवणं बारगळू शकतं.

माणसं, ग्रुप, पानं

मावशीकडे 'दहावी ब, १९९१'चा ग्रुप होता, तिनेच उघडलेला. एकुलती एक ॲडमिन तीच. ती अशीच निघून गेली असती तर ग्रुप उरला असता पण त्याला वाली उरला नसता, आणि अशा ग्रुपात कर्जाच्या जाहिराती आणि नको ते फोटो यायला वेळ लागत नाही. तिने दोन विद्यार्थ्यांना ॲडमिन केलं, आणि जाण्याआधी आठवडाभर त्यांच्याकडून काम करून घेतलं. पानाचं म्हणजे 'पेज'चं याहून कडक आहे. ज्या पानाचा पूर्ण ताबा फक्त तुमच्याकडे आहे ते तुमच्या खात्याबरोबर मिटतं. घरगुती लाडू-चिवड्याचा व्यवसाय, भजनी मंडळ, सोसायटीचा गणेशोत्सव, असं काही तुमच्या नावावर चालत असेल तर दुसऱ्या विश्वासू माणसाला पूर्ण ताबा देऊन, तो त्याच्या बाजूने उघडतोय ना हे बघूनच पुढे जा. जाहिराती दिल्या असतील तर देणं चुकतं करा आणि साठवलेलं कार्ड काढून टाका.

वाढदिवस एका वहीत लिहून घ्या. किरकोळ वाटेल, पण फेसबुक सोडलेल्यांना पुढे सगळ्यात आधी तेच आठवत नाहीत. आम्ही मावशीच्या मित्रयादीतून ज्यांना ती खरोखर फोन करते अशी त्रेचाळीस नावं काढली आणि तिने ती कालनिर्णयवर बारीक अक्षरात चढवली. बाकीच्या सहाशेंबद्दल तिला वाईट वाटलं नाही.

मग निरोपाची पोस्ट. ती टाकाच, कारण ती पुढे तुमचं संरक्षण करते. भाषा साधी ठेवा. मावशीची अशी होती: "मी अमुक तारखेला फेसबुक सोडत आहे. त्यानंतर माझ्या नावाने कुठलंही खातं दिसलं, मैत्रीची विनंती आली किंवा कुणी पैसे मागितले, तर ती मी नाही. माझा नंबर ज्यांच्याकडे आहे त्यांनी फोन करून खात्री करावी." पोस्टमध्ये स्वतःचा नंबर लिहू नका. ज्यांना हवा त्यांना वेगळा पाठवा. ही पोस्ट दोन आठवडे तरी राहू द्या.

याच दोन आठवड्यांत नातेवाइकांच्या खात्यांवर असलेले तुमचे फोटो बघून घ्या. खातं मिटलं तरी दुसऱ्याने चढवलेला फोटो तिथेच राहतो, फक्त टॅगखालचं तुमचं नाव जातं. तुम्ही पाठवलेले संदेशही समोरच्याच्या मेसेंजरमध्ये राहतात. मुलांचे फोटो, घराचा पत्ता दिसणारे, शाळेच्या गणवेशातले, गाडीचा नंबर दिसणारे, असे कुणी टाकले असतील तर त्यांना प्रत्यक्ष किंवा फोनवर विनंती करा. लेखी विनंतीने नात्यात अढी बसते. "वहिनी, तेवढा बाळाचा शाळेचा फोटो काढता का?" एवढं म्हटलं की बहुतेक जण काढतात.

मिटवणं

आता बटण. 'सेटिंग्ज', 'अकाउंट्स सेंटर', 'पर्सनल डिटेल्स', 'अकाउंट ओनरशिप अँड कंट्रोल', 'डीॲक्टिव्हेशन ऑर डिलीशन'. खातं निवडा, 'डिलीट अकाउंट' निवडा. ते पुन्हा पुन्हा विचारेल, कारण विचारेल, डीॲक्टिव्हेट सुचवेल. पुढे जात राहा. शेवटी पासवर्ड.

इथून ३० दिवस खातं झाकलेलं असतं आणि मन बदललं तर लॉगिन करून परत घेता येतं. म्हणूनच या दिवसांत चुकूनही लॉगिन करायचं नाही. फोनवरचं ॲप त्याच क्षणी काढा, ब्राउझरमध्ये साठवलेला पासवर्ड पुसा, घरातल्या दुसऱ्या कुणाच्या फोनवर किंवा टॅबवर खातं उघडं असेल तर तेही. कालनिर्णयवर एकतिसाव्या दिवसाला गोल करा. ३० दिवसांनंतर सगळी माहिती त्यांच्या यंत्रणेतून पुसायला ९० दिवसांपर्यंत लागू शकतात असं फेसबुकच सांगतं.

खात्याबरोबर मेसेंजरही जातं. इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप जात नाहीत, ती वेगळी खाती आहेत. इन्स्टाग्रामही सोडायचं असेल तर हाच सगळा क्रम त्याच्यासाठी वेगळा करावा लागतो.

फोन आणि ब्राउझर

अनेक अँड्रॉइड फोनमध्ये फेसबुक कारखान्यातूनच टाकलेलं येतं आणि 'अनइन्स्टॉल' असं बटणच दिसत नाही. तिथे 'डिसेबल' करा. तेवढ्यावर थांबू नका. सेटिंग्जमध्ये सगळ्या ॲपची यादी उघडून, यंत्रणेची ॲपही दिसतील असा पर्याय निवडून, 'मेटा ॲप मॅनेजर', 'मेटा ॲप इन्स्टॉलर', 'मेटा सर्व्हिसेस' अशी नावं शोधा. काही फोनमध्ये ती असतात, पडद्यावर त्यांचं चिन्ह कधी दिसत नाही. त्यांनाही डिसेबल करा. फक्त व्हॉट्सॲप वापरणाऱ्यांचं त्याने काही अडत नाही.

मग जाहिरातींचा ओळख क्रमांक. अँड्रॉइडवर 'सेटिंग्ज', 'गुगल', 'ॲड्स', 'डिलीट ॲडव्हर्टायझिंग आयडी'. आयफोनवर 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', 'ट्रॅकिंग', आणि तिथली ॲपना परवानगी मागू देण्याची कळ बंद. वेगवेगळी ॲप याच क्रमांकावरून तुम्ही तेच आहात हे ओळखतात. ब्राउझर म्हणून मी फायरफॉक्स वापरते, त्यात समाजमाध्यमांचे पाठलाग करणारे कोड आपोआप अडवले जातात. जुन्या ब्राउझरच्या कुकीज, म्हणजे वेबसाइटनी तुम्हाला ओळखायला ठेवलेल्या छोट्या फाइल, एकदा सगळ्या पुसून टाका.

आणि इथून पुढे, 'सुरक्षेसाठी' कुठेही फोन नंबर मागितला तर थांबून विचार करा. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जुलै २०१९मध्ये फेसबुकला ५ अब्ज डॉलर दंड केला, त्या तक्रारीत एक मुद्दा हाच होता: लॉगिनच्या दुहेरी सुरक्षेसाठी लोकांनी दिलेले नंबर जाहिरातींसाठी वापरले गेले. दुहेरी सुरक्षा सोडू नका, ती हवीच. पण जिथे पर्याय असेल तिथे एसएमएसऐवजी कोड देणारं ऑथेंटिकेटर ॲप निवडा.

व्हॉट्सॲपचं काय

हा प्रश्न मला प्रत्येक जण विचारतो आणि त्याचं खरं उत्तर असं की, व्हॉट्सॲप ठेवलंत तर मेटाशी संबंध राहतो. संदेशांचा मजकूर कुलूपबंद असतो, पण तुम्ही कुणाशी, कधी, कुठल्या ग्रुपात, ही बाहेरची माहिती असतेच. मेटाबरोबर माहिती वाटून घेण्याच्या २०२१च्या व्हॉट्सॲप धोरणावरून भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४मध्ये मेटाला २१३ कोटी १४ लाख रुपयांचा दंड केला, आणि पुढे ते प्रकरण अपिलात गेलं. शाळा, सोसायटी, डॉक्टर, किराणा, सगळं व्हॉट्सॲपवर असताना उद्यापासून ते सोडा असं मी कुणाला सांगणार नाही. मीही सोडलेलं नाही. तीन गोष्टी मात्र आजच करा. 'प्रायव्हसी'मध्ये फोटो आणि 'लास्ट सीन' फक्त संपर्कांना दिसू द्या. तिथेच 'ग्रुप्स'मध्ये आपल्याला कोण ग्रुपात ओढू शकतं ते 'माय कॉन्टॅक्ट्स' करा. आणि 'चॅट बॅकअप'मध्ये 'एंड टू एंड एन्क्रिप्टेड बॅकअप' चालू करा, त्याचा पासवर्ड वहीत लिहून. घरच्यांसाठी आम्ही सिग्नल या मेटाबाहेरच्या संदेशांच्या ॲपवर एक छोटा ग्रुप केलाय. आधी दोघी होतो, आता सात जण आहोत.

सोडल्यानंतरचा पहारा

खातं नसलं तरी तुमच्या नावाचं खोटं खातं कुणी उघडू शकतं, आणि आता ते तुम्हाला दिसणारही नाही. म्हणून दोन-तीन विश्वासू माणसांना सांगून ठेवा की महिन्यातून एकदा तुमचं नाव शोधून बघा. सापडलं तर त्यांनी त्या खात्याच्या पानाचा पत्ता आणि स्क्रीनशॉट घ्यावा, आणि खात्यावरूनच 'रिपोर्ट' करावं. तोतया खात्याची तक्रार, स्वतःचं फेसबुक खातं नसतानाही, त्यांच्या मदत विभागातल्या अर्जावरून करता येते. दाद लागली नाही तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे, आणि त्याचं उत्तर पटलं नाही तर ३० दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे जाता येतं. कुणाचे पैसे गेले असतील तर हे सगळं नंतर. आधी १९३० या नंबरवर फोन. जितक्या लवकर फोन, तितकी पैसे वाटेत अडवले जाण्याची शक्यता जास्त. लेखी तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर.

कायदा आपल्या बाजूने आहे, पण तो अजून वाटेत आहे. ऑगस्ट २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०२३मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला, त्यात आपली माहिती पुसायला सांगण्याचा हक्क आहे. नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले आणि त्यातल्या मुख्य तरतुदी टप्प्याटप्प्याने, अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. तोवर आपल्या हातात आहेत ती वर सांगितलेली साधनंच.

एकतिसाव्या दिवशी लॉगिन न करता, ब्राउझरच्या खासगी (इन्कॉग्निटो) खिडकीत आपल्या जुन्या पानाचा पत्ता टाकून बघा. पान उपलब्ध नाही असं दिसलं पाहिजे. मावशीचं तसं दिसलं तेव्हा तिने चष्मा काढून पुन्हा घातला आणि म्हणाली, "अगं, पण माझा नंबर त्या सहाशे जणांच्या फोनमध्ये आहे, त्याचं काय?"

त्यासाठी शेवटचं एक काम उरतं. फेसबुकची संपर्क काढून टाकण्याची एक सोय खातं नसलेल्यांसाठीही आहे. फेसबुक डॉट कॉमच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ, कॉन्टॅक्ट्स, पुन्हा तिरकी रेघ, रिमूव्हल, असं इंग्रजीत टाका. तिथे आपला मोबाइल नंबर, घरचा फोन असेल तर तो, आणि ईमेल एकेक करून द्यायचा. ते एक कोड पाठवून नंबर तुमचाच असल्याची खात्री करतात, आणि दुसऱ्या कुणी चढवलेल्या यादीत तो असेल तर पुसून, पुन्हा चढवला जाऊ नये म्हणून अडवून ठेवतात. मावशीचा मोबाइल झाला, घरचा फोन झाला. मग तिने शेजारच्या आजींना हाक मारली. त्यांचं फेसबुक कधीच नव्हतं. त्यांचाही नंबर आम्ही त्याच बैठकीत घातला.